पूज्य साने गुरुजी आणि पंढरीचे दार

आपल्या वडिवळे गावच्या देवालयाचा जीर्णोद्धार गावकरी मंडळी, माहेरवाशिणी, पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास गेलेले गावचे सुपुत्र आणि उदार देणगीदार यांच्या सहकार्याने पार पडत आहे, ही आपणा सर्वांस मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत देवाची महती येईल, कामाचा अहवाल येईल, देणगीदारांची नामावळी येईल. त्यांच्या जोडीस एका सत्पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे मनात आले. ते चरित्र म्हणजे पूज्य साने गुरुजींचे.

साने गुरुजींचा आणि आपल्या देवालयाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो असा. आपल्या कुंडली नदीचे पाणी इंद्रायणीस मिळते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापुरास जाऊन भीमेत मिसळते आणि तीच भीमा पुढे पंढरपुरी चंद्रभागा होते. पाण्याच्या वाटेने आपले शिवार पंढरीला जोडलेले आहे आणि वारीच्या वाटेने आपले वाडवडील जोडलेले होते. त्या पंढरीच्या राउळाचे दार शेकडो वर्षे काही माणसांना बंद होते. ते उघडावे म्हणून १९४७ साली गुरुजींनी आपला प्राण पणास लावला. देवळाच्या भिंती नव्याने उभारताना त्यांची आठवण करणे अगदी उचित आहे.

बालपण आणि आईची शिकवण

गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, पण वडील सदाशिवराव यांच्या काळात घरची स्थिती पार खालावली होती. मातोश्री यशोदाबाई या मोठ्या सात्त्विक बाई. दारिद्र्यातही मुलांच्या मनाला दारिद्र्य शिवू नये, याची त्या माउलीने काळजी घेतली.

पुढे गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक लिहून या माउलीस अमर केले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते असेल. त्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईला लाकडाची मोळी उचलून डोक्यावर घेता येत नव्हती आणि शिवाशिवीच्या भयाने कोणी हात लावीना. आईने लहानग्या श्यामला पाठवून ती मोळी उचलून देण्यास सांगितले. घरी आल्यावर स्नान कर म्हणजे झाले, असेही तिने सांगितले. ती बाई त्या काळची होती. विटाळाची समजूत एका दिवसात टाकून देणे तिला शक्य नव्हते. परंतु समोरच्या म्हातारीचे ओझे तिला अधिक दिसले. विटाळापेक्षा माणूस मोठा, हे श्यामला तेव्हा प्रथम कळले. पुढे पंढरपुरास जे घडले त्याचे मूळ या मोळीत आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९१७ साली मातोश्री वारल्या. पांडुरंगाने दापोली, औंध व पुणे अशा ठिकाणी हालअपेष्टा सोसत शिक्षण घेतले. उपाशीपोटी अभ्यास केला, तरी शिक्षण सोडले नाही. १९१८ साली ते मॅट्रिक झाले. पुढे पुण्याच्या कॉलेजातून बी.ए. व एम.ए. या पदव्या घेतल्या.

अमळनेरचे मास्तर

१९२४ साली गुरुजी खानदेशात अमळनेर येथे गेले. प्रथम तेथील तत्त्वज्ञान मंदिरात व नंतर प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून त्यांनी काम केले. शाळेच्या छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. मुलांची अंथरुणे घालावीत, त्यांच्या खोल्या झाडाव्यात, आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागून काढावी, असे त्यांचे वागणे होते. 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी स्वतः लिहून काढीत. शिपायाला सांगून होणारे काम मास्तरांनी स्वतः केले की मुले लाजत आणि दुसऱ्या दिवशी आपणहून करू लागत. आधी आपण करावे आणि दुसऱ्याला त्याच्या मनाने करू द्यावे, ही त्यांची रीत पुढेही आयुष्यभर तीच राहिली.

१९३० साली महात्माजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते त्यात सामील झाले. यानंतरची बरीच वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. दक्षिणेतील तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात त्यांना निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही भेटले. आपण एका देशाचे, पण एकमेकांची भाषा जाणत नाही, याची त्यांना फार खंत वाटली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरून घेतली; म्हणूनच 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. बाहेर आल्यावर खानदेशातील शेतकरी व कामगार यांची गाऱ्हाणी त्यांनी वेशीवर टांगली. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेडेगावात भरलेले ते पहिले अधिवेशन. ते यशस्वी व्हावे म्हणून गुरुजी गावोगाव पायपीट करीत हिंडले. बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले व पुन्हा तुरुंगात गेले.

बंद दाराची कहाणी

गुरुजींच्या मोठ्या कार्याकडे वळण्यापूर्वी त्या काळची स्थिती सांगितली पाहिजे. आजच्या तरुण वाचकांस ती खरी वाटणार नाही, इतकी ती वाईट होती.

पंढरीच्या महाद्वारापाशी नामदेवाची पायरी आहे आणि समोरच संत चोखामेळ्याची समाधी आहे. चोखोबा महार जातीचे. विठ्ठलाचे परमभक्त असूनही त्यांना राउळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. पुढे सहाशे वर्षे अस्पृश्य मानलेल्या जातींचे वारकरी या समाधीपाशी यायचे, तेथूनच कळसाला हात जोडायचे आणि माघारी फिरायचे. वारी सर्वांच्या बरोबरीने चालायची, ऊनपाऊस तोच, वाट तीच. दर्शनाची वेळ आली की त्यांनी मात्र बाहेर थांबायचे. देवाच्या दारी जी गत, तीच गावच्या विहिरीवर, शाळेत आणि पंगतीत होती.

याविरुद्ध झगडणारे पुष्कळ झाले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढले. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी घेतले. १९२९ साली आपल्या पुण्यात पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह झाला. त्यात सत्याग्रहींवर दगडधोंडे पडले. १९३० साली नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो बरीच वर्षे चालला. पण दार उघडले नाही. संत गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण बाहेर राहणाऱ्यांना रात्रीचा निवाराही नव्हता. १९३८ साली मुंबई सरकारने एक कायदा करून देवळांच्या विश्वस्तांची इच्छा असेल तर देऊळ खुले करण्यास मोकळीक दिली. काही देवळे खुली झाली. पंढरीचे झाले नाही.

सहा महिन्यांची पायपीट

१९४६ साल उजाडले. स्वराज्य येणार हे दिसू लागले होते. गुरुजींच्या मनास एक प्रश्न बोचू लागला. देश स्वतंत्र होणार, आणि महाराष्ट्राचे आराध्यदैवत मात्र काही लेकरांना बंद राहणार, हे कसे? त्या वर्षीच्या कार्तिकी एकादशीच्या सुमारास पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राणांतिक उपोषण करण्याचा निश्चय त्यांनी जाहीर केला.

सहकाऱ्यांनी त्यांना समजावले. लोकांना विचार करण्यास अवधी दिला पाहिजे, त्यांच्याशी बोलले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. गुरुजींनी ते मानले आणि उपोषण सहा महिने पुढे ढकलले. या एका निर्णयाकडे आपण विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. गुरुजींचे नाव निघाले की पंढरपूरचे दहा दिवस सर्वांस आठवतात. त्या आधीचे सहा महिने फारसे कोणी सांगत नाही. वस्तुतः खरे काम त्या सहा महिन्यांत झाले.

गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले. जिल्ह्यामागून जिल्हा, गावामागून गाव. दिवसाला अनेक सभा होत. सेनापती बापट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आपल्या शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाखाली बुडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी १९२१ पासून सत्याग्रह लढविणारे तेच हे सेनापती. त्यांचे नाव मावळात नव्याने सांगावे लागत नाही. राष्ट्र सेवा दल ही १९४१ साली नव्याने उभी राहिलेली तरुणांची संघटना होती. त्या दलाच्या कलापथकाने गाणी व पोवाडे यांनी सभा रंगविल्या. परंतु पाहुणा आला, बोलला आणि निघून गेला, तर गावात फरक पडत नाही. गुरुजी ज्या गावात जाणार तेथे आधीपासून कामाला लागलेली चार माणसे असत. कोठे शाळामास्तर, कोठे सेवा दलाचा पोरगा, कोठे माळकरी म्हातारा, कोठे काँग्रेसचा कार्यकर्ता. दौऱ्याचा सारा भार या मंडळींवर असे.

या मंडळींचे काम सोपे नव्हते. पाटलाकडे जायचे, पुजाऱ्याकडे जायचे, ज्याच्या शब्दाला मान आहे त्या वडीलधाऱ्याकडे जायचे. तो रागावला तर ऐकून घ्यायचे, उद्या पुन्हा जायचे. दलित वस्तीत जाऊन तेथील लोकांचे मन जाणून घ्यायचे, कारण देवळात जाऊन आल्यावर उद्या शेतावरचे काम बंद झाले, तर त्यांच्या पोटाचे काय, ही त्यांची भीती खोटी नव्हती. स्वतःच्या घरातही आई रुसायची, चुलता बोलायचा. गुरुजी दुसऱ्या गावी निघून जात. या मंडळींना मात्र त्याच गावात, त्याच भावकीत दिवस काढायचे होते. तरीही त्यांनी हे केले. त्या दौऱ्यात ठिकठिकाणी देवळे उघडली, विहिरी खुल्या झाल्या, सहभोजने झाली. ज्यांनी हे घडवले त्या गावोगावच्या माणसांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. एका अर्थी हा लेख त्यांच्याही स्मरणार्थ आहे.

गुरुजींची बोलण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी होती. ते देवळाच्या सेवेकऱ्यांना शत्रू मानीत नसत. कोणास शिव्याशाप देत नसत. ज्यांनी दार बंद ठेवले त्यांचेही अंतःकरण उघडावे, अशी त्यांची इच्छा होती. वारकऱ्यांना ते वारकऱ्यांच्याच भाषेत सांगत. ज्ञानोबा, नामदेव, चोखोबा, एकनाथ, तुकोबा यांच्या नावाने आपण टाळ वाजवतो. मग त्यांच्यातल्या चोखोबाला अजून बाहेर का उभे केले आहे, एवढाच त्यांचा सवाल असे.

पंढरपूरचे दहा दिवस

अवधी संपला. मंदिर उघडले नाही. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात गुरुजींनी उपोषणास प्रारंभ केला. राहण्यास जागा देण्यास कोणी धजत नसताना तनपुरे महाराजांच्या मठाने त्यांना आसरा दिला. वैशाखाचे ऊन, त्यात चंद्रभागेचे तापलेले वाळवंट. गुरुजींची प्रकृती मुळातच नाजूक.

विरोधही जोराचा होता. धर्म बुडाला असे म्हणणारे होते. स्वतः नेमाने वारी करणारे काही जण विरोधात उभे राहिले. गुरुजींच्या मनाला अधिक लागले असेल ते दुसरेच. आपल्याच पक्षातील काही वडीलधाऱ्यांना हे उपोषण अवेळी वाटत होते आणि पुरी माहिती न मिळाल्याने खुद्द महात्माजींचीही उपोषण थांबवावे अशी तार आली. ज्यांना गुरुस्थानी मानले त्यांचा शब्द एकीकडे आणि आपल्या अंतरीचा शब्द दुसरीकडे, असा हा पेच होता. गुरुजी नम्र राहिले, पण ढळले नाहीत.

दिवस जाऊ लागले तसा महाराष्ट्र अस्वस्थ झाला. केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर पंढरपुरास आले. त्यांनी बडवे मंडळींशी बोलणी केली. अखेर मंदिर सर्वांस खुले करण्यास संमती मिळाली आणि १० मे १९४७ रोजी दहा दिवसांचे उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिर प्रवेशाचा नवा कायदा केला. विश्वस्तांच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. स्वराज्य येण्यास तेव्हा तीन महिने उरले होते.

जो दगडी उंबरा चोखोबांना सहाशे वर्षे ओलांडता आला नव्हता, तो ओलांडून त्यांची लेकरे आत जाण्याची वाट मोकळी झाली. पंढरीत देवाच्या पायावर डोके ठेवून दर्शन घेण्याची चाल आहे. आज आषाढीला तासनतास बारीत उभे राहून आपण त्या पायांवर डोके ठेवतो, तेव्हा पुढचा कोण, मागचा कोण, हे कोणी विचारीत नाही. त्यामागे एका कृश देहाच्या मास्तराचे दहा दिवस आहेत आणि अनेक निनावी कार्यकर्त्यांचे सहा महिने आहेत.

अखेरची वर्षे

३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव जाळपोळ झाली, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांस पारखे झाले. गुरुजींना हे दुःख सहन झाले नाही. चित्तशुद्धीसाठी त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. महार असो की ब्राह्मण, जातीच्या नावाने माणसावर कोसळणारा राग त्यांना सारखाच असह्य होता.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावे, अशी आंतरभारतीची कल्पना त्यांनी मांडली. तुरुंगात मनात उगवलेले ते बीज होते. पण स्वराज्यातही द्वेष, स्वार्थ व दारिद्र्य तसेच राहिलेले पाहून त्यांचे मन खचत गेले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपली जीवनयात्रा आपणहून संपविली. ही गोष्ट लिहिताना हात जड होतो. दुसऱ्यांची दारे उघडणाऱ्या या माणसाच्या मनाचे दार कोणी वेळेवर ठोठावले असते तर, असे राहून राहून वाटते. आपल्या शेजारी कोणी असा आतून खचत असेल, तर त्याची विचारपूस करणे हेही आपले काम आहे.

दार उघडल्यानंतर

येथे एक खरी गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. दार उघडले, पण ज्यांच्यासाठी ते उघडले त्यांच्यातील पुष्कळ जण आत आले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वीच ओळखले होते की केवळ मंदिर प्रवेशाने अस्पृश्यता जाणार नाही; शिक्षण, उद्योग आणि स्वाभिमान हवा. इतकी वर्षे दारात ताटकळत ठेवल्यावर कोणी पाठ फिरवली, तर दोष पाठ फिरविणाऱ्यास देता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्याआधी २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी आपल्या जवळच देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. एका बाजूस तुकोबांचे देहू, दुसऱ्या बाजूस देहूरोडचा विहार आणि वर कार्ला-भाजे येथील दोन हजार वर्षांची लेणी. आपल्या मावळात हे सारे एकाच खोऱ्यात नांदते.

म्हणून आज प्रश्न केवळ देवळात कोणास येऊ द्यावे एवढा राहिलेला नाही. २६ जानेवारी १९५० पासून घटनेने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती पाळणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण गावचा एकोपा कायद्याच्या पुस्तकात तयार मिळत नाही. तो बसून, बोलून, वेळ देऊन करावा लागतो. स्वराज्याला पंचवीस वर्षे होत आली तरी खेड्यापाड्यांत वेगळ्या विहिरी होत्या. म्हणून १९७२ साली पुण्याहून डॉ. बाबा आढाव यांना एक गाव एक पाणवठा ही चळवळ सुरू करावी लागली. तिचेही कार्यकर्ते गुरुजींच्या माणसांप्रमाणे गावोगाव फिरले, पाणवठ्यावर जाऊन बसले, लोकांशी बोलले. २००७ साली महाराष्ट्र सरकारने तंटामुक्त गाव मोहीम काढली, तिचीही भिस्त गावातीलच समितीवर ठेवली. भांडण कोर्टात जाण्यापूर्वी चावडीवर मिटावे, हा तिचा हेतू. नावे बदलली, काम तेच आहे. गावातील चार विश्वासू माणसांनी उठावे आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याच्या दारी आधी जावे.

आपल्या देवालयासाठी

जीर्णोद्धार समितीने दगड, विटा, सिमेंट, रंग यांचा हिशेब चोख ठेवला, याबद्दल समितीचे अभिनंदन करावे तेवढे थोडे आहे. ज्या मंडळींनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, त्यांना गावातले प्रत्येक घर माहीत झाले आहे. कोणाच्या घरी काय अडचण आहे, कोण कोणावर रुसले आहे, कोणते घर समारंभास बोलावणे आले तरी मागेच उभे राहते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही. ही ओळख फार मोलाची आहे. काम संपले म्हणून ती वाया जाऊ देऊ नये.

गुरुजींचे चरित्र वाचून आपण काही साध्या गोष्टी मनाशी धराव्यात. पालखीस खांदा देण्याचा मान फिरता असावा. महाप्रसादाच्या पंगतीत वाढणारे हात सर्व आळ्यांचे व वाड्यांचे असावेत, आणि स्वयंपाकासही सर्वांचे हात लागावेत. देवस्थानच्या समितीत ज्यांचे घर गावाच्या कडेला आहे त्यांचाही माणूस असावा, आणि बायाबापड्यांचाही आवाज असावा. विहारात बुद्धजयंती असेल तेव्हा देवळातल्या मंडळींनी जावे, आणि देवळात सप्ताह बसेल तेव्हा त्यांना मानाने बोलवावे. आले तर आनंद, न आले तरी राग नाही. बोलावण्याचे काम आपले.

एवढे केले तर देवळाचा जीर्णोद्धार झाला त्याबरोबर गावाचाही झाला, असे म्हणता येईल. देवालयाचा नवा उंबरा ओलांडताना प्रत्येकाने क्षणभर मागे वळून पाहावे आणि मागे कोणी थांबले असेल तर त्याचा हात धरून त्याला पुढे घ्यावे. पालगडच्या माउलीने श्यामला मोळीस हात लावायला लावला, तोच हा धडा आहे.